खिडकी दिसली, मावशी दिसल्या नाहीत

गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेतील नववीच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन मी पुण्यात कोथरूडला गेलो होतो. पौड रस्त्यापासून आत, टेकडीच्या उताराला बिलगलेल्या एका वस्तीत आपला एक माजी विद्यार्थी राहतो. चित्रीकरणाच्या व्यवसायात तो कॅमेरा सहायक म्हणून काम करतो. ‘सर, माझे नाव लिहू नका, काम लिहा,’ असे त्याने मला बजावले आहे. म्हणून नाव लिहीत नाही. त्याने दोन दिवस मुलांना कॅमेऱ्याची प्राथमिक तंत्रे शिकवावीत आणि मुलांनी पाच मिनिटांचा एक माहितीपट तयार करावा, असे ठरले होते. विषय मुलांनीच निवडला. त्याच्या शेजारी एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलींना पदवीपर्यंत शिकविले. त्यांच्यावरच चित्रपट करायचा, असे मुलांनी एकमताने ठरविले.

पहिल्या सकाळी मुलांचा उत्साह असा होता की शिकवणी ऐकण्याइतका धीर कोणाजवळ नव्हता. मोबाईल हाती येताच त्यांनी मावशींना त्यांच्या खोलीत खिडकीपाशी बसविले आणि चित्रीकरण सुरू केले. माजी विद्यार्थ्याने त्यांना अडविले नाही. तासाभराने त्याने सर्वांना ओळीने बसविले आणि काय टिपले ते मावशींनाही दाखविले. पडद्यावर खिडकी लखलखत होती. खिडकीबाहेरचे आकाश, दोरीवरचे कपडे, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्या, सारे स्वच्छ उमटले होते. खिडकीसमोर मात्र एक काळी आकृती बोलत होती. तिला डोळे नव्हते, ओठ नव्हते.

मावशींनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘बाळांनो, खिडकी लई छान आलीय. पण मी कुठंय?’

मुले हसली. मावशीही हसल्या. मला मात्र हसता आले नाही. मी अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवितो. आपल्या समाजाच्या इतिहासाची साधने शोधताना हाच प्रश्न मला जागोजागी भेटला आहे. चित्र आहे, पार्श्वभूमी आहे, राजवाडे आणि तटबंद्या आहेत. पण आपली माणसे कुठे आहेत? म्हणून या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आदेश आला, तेव्हा मी शाळेच्या वाटचालीचा आढावा घेण्याऐवजी मावशींच्या प्रश्नावर लिहायचे ठरविले. माझे म्हणणे थोडक्यात असे : कॅमेऱ्याची प्राथमिक तंत्रे आपल्या शाळेत निबंधलेखनाइतक्याच गांभीर्याने शिकविली गेली पाहिजेत, आणि ती छंद म्हणून नव्हे, साक्षरतेचा भाग म्हणून.

आता त्या काळ्या आकृतीचे कारण पाहू. ते साधे आहे आणि प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे. कॅमेरा आपणहून उजेडाचे मोजमाप करतो तेव्हा समोर माणूस आहे की भिंत, याची त्याला पर्वा नसते. चौकटीतील एकूण प्रकाशाची सरासरी तो काढतो आणि ती एका ठरावीक मध्यम करड्या छटेशी जुळवितो. चौकटीत झगझगीत खिडकी असली की सरासरी वर जाते. कॅमेऱ्याला वाटते की उजेड फार झाला, आणि तो सारे चित्र अंधारून टाकतो. खिडकी वाचते, माणूस बुडतो. माणसाचा वर्ण सावळा असेल तर तो आणखी खोल बुडतो. अलीकडचे मोबाईल चेहरा ओळखून ही चूक काही अंशी सावरतात. परंतु उजेडाचा फरक मोठा असला की तेही हात टेकतात.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगितली पाहिजे. रंगीत छायाचित्रणाच्या काळात कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. त्या चेहऱ्याची त्वचा नीट छापून आली म्हणजे रंग बरोबर आले, असे मानले जाई. जगातील कोट्यवधी सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या मापाने छापले गेले आणि काळवंडत राहिले. पुढे फिल्ममध्ये तपकिरी छटांची सुधारणा झाली. तिला मोठा रेटा मिळाला तो लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, असे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. माणसाच्या चेहऱ्याआधी टेबलाच्या लाकडाची दाद लागली! यंत्र निःपक्षपाती असते असे आपण समजतो. परंतु यंत्राचे माप कोणीतरी ठरविलेले असते, आणि ते ठरविताना ज्याचा चेहरा समोर असतो त्याच्या बाजूने ते माप झुकते.

म्हणूनच ‘मोबाईलवर सगळे आपोआप होते, त्यात शिकायचे काय?’ हा प्रश्न मला भाबडा वाटतो. आपोआप जे होते ते दुसऱ्या कोणाच्या मापाने होते. आपल्या माणसाचा चेहरा उजेडात आणायचा असेल तर ते माप हातात घेण्याचे ज्ञान हवे.

ते ज्ञान अवघड नाही. माजी विद्यार्थ्याने मुलांना ते अर्ध्या तासात दिले. पडद्यावर मावशींच्या गालावर बोट टेकवून थोडा वेळ दाबून ठेवायचे. मग फोकस आणि उजेडाचे माप दोन्ही चेहऱ्यावर पक्के होतात आणि चित्रीकरण चालू असताना हलत नाहीत. बाजूला सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते बोटाने वर सरकविले की उजेड वाढतो. खिडकी थोडी पांढरी पडली तर पडू द्यावी. आपण खिडकीची मुलाखत घ्यायला आलेलो नाही. त्याहून उत्तम उपाय म्हणजे माणसालाच वळविणे. मावशी खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांना खिडकीकडे किंचित तिरपे तोंड करून बसविले आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा एक पांढरा तुकडा धरला. खिडकीचा उजेड थर्मोकोलवरून परतून चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर पडला. डोळ्यांत प्रकाशाचा एकेक ठिपका उमटला. एक पैसा खर्च झाला नाही.

भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्या काचेत खिडकीचे प्रतिबिंब पडत होते, त्यामुळे तसबिरीच्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसत होता. आमच्या एका विद्यार्थिनीला ते खटकले. ती तसबीर काढायला निघाली तेव्हा तिला सांगण्यात आले, ‘काढू नकोस, वरच्या कडेमागे कागदाची घडी घाल.’ तसबीर जरा पुढे झुकली, काचेतील प्रतिबिंब खाली सरकले आणि चेहरे दिसू लागले. एवढ्याशा कागदाच्या घडीने काय होते ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. माझ्या कोणत्याही तासाला त्यांचे इतके लक्ष मी पाहिलेले नाही.

दुसरा धडा कॅमेऱ्याच्या उंचीचा होता. दुपारी मावशी जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या आणि मुले उभ्यानेच त्यांचे चित्रण करीत होती. पडद्यावर मावशी लहान, दबलेल्या दिसू लागल्या. माजी विद्यार्थ्याने एकच सूचना केली : ‘खाली बसा.’ मुले मांडी घालून बसली, कॅमेरा मावशींच्या डोळ्यांच्या रेषेत आला, आणि तीच बाई, तीच भाजी, तीच खोली असताना चित्राचा अर्थ बदलला. आधी आपण कोणाची तरी कीव करीत होतो. आता एका माणसासमोर बसलो होतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेची आठवण झाली. १८६८ ते १८७५ या काळात तिचे आठ खंड इंग्रज सरकारच्या वतीने प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील जातीजमातींची शेकडो छायाचित्रे त्यांत आहेत. बहुतेक छायाचित्रांखाली जातीचे वा जमातीचे नाव आहे. त्या माणसाचे नाव नाही. त्याला कसे उभे करायचे, कुठे पाहायला लावायचे, त्याच्याविषयी काय लिहायचे, हे सारे कॅमेऱ्यामागच्याने ठरविले. समोरच्या माणसाला विचारण्याची पद्धत नव्हती. पुढेही आपल्या वस्त्या कॅमेऱ्यात आल्या त्या बहुतांशी अशाच : उंच गच्चीवरून, चालत्या मोटारीतून, पूर आला किंवा दंगल झाली तेव्हा. उभ्या माणसाने बसलेल्या माणसाचे घेतलेले ते चित्र होते.

ही रीत बदलणारे हात आपल्या महाराष्ट्रात दिसले आहेत. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर येथील महाविद्यालयात संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या एका पारधी मुलाची ती गोष्ट आहे. विद्यार्थिदशेतील त्या लघुपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१४ साली त्यांचा ‘फँड्री’ चित्रपटगृहांत आला. त्यातील एक दृश्य आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर काठीला बांधून वाहून नेत आहे आणि त्यांच्या मागे शाळेची भिंत आहे. त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कोणी भाषण करीत नाही. माणसे आणि भिंत एकाच चौकटीत राहतील अशा बेताने कॅमेरा लावलेला आहे, आणि तेवढ्यानेच प्रेक्षकाचा घसा दाटून येतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या दिशेने, पडद्याबाहेर येतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, या एका निर्णयातून ते घडले आहे. चौकट आखण्याचे हे ज्ञान निव्वळ प्रतिभेतून येत नाही. ते शिकावे लागते आणि शिकविता येते.

तिसरा धडा मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटला, आणि मला सर्वांत महत्त्वाचा : कॅमेरा स्थिर ठेवणे. मोबाईल आडवा धरायचा, कोपरे बरगड्यांना टेकवायची, शक्य तर ट्रायपॉड वापरायचा आणि तो नसेल तर विटांवर टेकवायचा. बोटांनी झूम करायचे नाही. जवळचे हवे असेल तर पायांनी जवळ जायचे. प्रत्येक दृश्य सुरू केल्यावर मनात दहा आकडे मोजायचे आणि तोवर हलायचे नाही. आधी दूरचे दृश्य घ्यायचे, ज्यात वस्ती आणि टेकडी दिसेल. मग मधले, ज्यात माणूस आणि त्याचे काम दिसेल. मग जवळचे, ज्यात हात दिसतील, चेहरा दिसेल. दोन माणसे बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असे समजायचे आणि तिच्या एकाच बाजूला उभे राहायचे. नाहीतर जोडताना दोघेही एकाच दिशेला पाहत आहेत असा भास होतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू लागले तर शटरचा वेग एक पन्नासांश सेकंदावर आणायचा, कारण आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. आणि आवाज! चित्र थोडे हलले तर प्रेक्षक खपवून घेतो, शब्द ऐकू आला नाही तर उठून जातो. म्हणून बोलणाऱ्याच्या शक्य तितक्या जवळ माइक न्यायचा आणि पंखा बंद करायचा.

स्थिर राहण्याच्या या शिस्तीपासूनच आपल्या चित्रपटाची सुरुवात झाली आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवल मिळावे म्हणून त्यांनी आधी काय टिपले असेल? कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ. कॅमेरा एका जागी रोवून, रोप वाढेल तसतशी थोडीथोडी चित्रे घेत त्यांनी बीजाचा वेल होताना दाखविला. त्यानंतर १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच स्वतः तयार केला. त्यांच्या हाताखाली घडलेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात कंपनी काढली, ती १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून आजची राष्ट्रीय चित्रपट शिक्षणसंस्था उभी आहे. कोथरूडच्या वस्तीतून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मावशींच्या वस्तीतील किती मुले तिच्या फाटकाआत गेली असतील, हा प्रश्न मी मुलांना विचारला. कोणी उत्तर दिले नाही. परंतु दारे थोडी किलकिली झाली आहेत, हेही सांगितले पाहिजे. २०१७ पासून त्या संस्थेने देशभर कमी मुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले असून मोबाईलवर चित्रपट कसा करावा याचाही त्यांत समावेश आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यावर लक्ष ठेवावे.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळतो. गेल्या पालक सभेत एका वडिलांनी मला स्पष्ट विचारले, ‘गुरुजी, आम्ही पोरांना मोबाईलपासून लांब ठेवायला वसतिगृहात घातलं, आणि तुम्हीच त्यांच्या हातात मोबाईल देणार?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तासन् तास रील पाहणारी मुले मीही पाहतो आणि तो आजार खरा आहे. परंतु वाचता येऊ लागलेल्या मुलाच्या हाती वाईट पुस्तक पडेल म्हणून आपण वाचन शिकविणे थांबविले नाही. दुसऱ्याने टिपलेले पाहत बसणे आणि स्वतः टिपणे यांत फरक आहे. एका दृश्यासाठी तीनदा बैठक मोडणाऱ्या, उजेडाची वाट पाहत अर्धा तास बसणाऱ्या मुलाला रीलची लबाडी लवकर कळते. तो पुढच्या वेळी पाहताना विचारतो, हे कोणी, कुठून आणि कशासाठी टिपले? सम्यक दृष्टीची सवय लावणे हे जर आपल्या शाळेचे काम असेल, तर हे शिक्षण त्या कामात मोडते.

दुसरा आक्षेप शिष्यवृत्ती आणि दहावीच्या निकालाचा आहे. आपल्या मुलांनी आधी डॉक्टर, अभियंता, अधिकारी व्हावे. चित्रपट हा पोट भरलेल्यांचा उद्योग, असे अनेकांना वाटते. या वाटण्यामागे तीन पिढ्यांचे उपासमारीचे अनुभव आहेत. त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. तथापि ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हाही आपल्या समाजाजवळ पैसा नव्हता. वाचू शकणारे मूठभर होते. तरीही स्वतःचे पत्र हवे, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपले म्हणणे येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या काळी छापखाना जे काम करीत होता, ते आज फार मोठ्या प्रमाणात कॅमेरा करतो.

आणि अशी वेळ येते तेव्हा कॅमेरा शिकलेला माणूस आपल्यात असणे याला केवढी किंमत असते! ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तो जनसागर आज आपण पडद्यावर पाहू शकतो, याचे श्रेय नामदेवराव व्हटकर यांना आहे. लेखक आणि चित्रपटांच्या क्षेत्रात वावरलेला हा माणूस त्या दिवशी दुःख बाजूला ठेवून, पदरचे पैसे घालून कॅमेऱ्यासह उभा राहिला. शोक सर्वांनाच होता. त्या शोकात हे टिपले पाहिजे हे सुचणे आणि ते टिपता येणे, या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या ठायी एकत्र आल्या म्हणून ती दृश्ये आपल्याजवळ आहेत. दुसऱ्या दिवशी शिकून ते जमले नसते.

टिपलेले जपणेही तितकेच महत्त्वाचे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात १९६४ साली झाली आणि त्याचे दुसरे आवार कोथरूडमध्येच आहे. तेथे जुन्या फिल्म थंड, कोरड्या हवेत ठेवतात. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची रिळे राख झाली. एवढ्या मोठ्या संग्रहाची ही गत, तर आपल्या मोबाईलमधील चित्रणाची काय कथा? फोन बदलला की आजीचा आवाज गेला. म्हणून मुलांना मी एक वही घालून दिली आहे. प्रत्येक दृश्यापुढे तारीख, स्थळ, समोरच्या व्यक्तीचे नाव, टिपणाऱ्याचे नाव आणि परवानगी घेतली का, हे लिहायचे. मूळ चित्रण न कापता दोन ठिकाणी ठेवायचे. ही सवय लागली तर पन्नास वर्षांनी आपला इतिहास लिहिणाऱ्याला साधने नाहीत म्हणून हात चोळत बसावे लागणार नाही.

परवानगीचा उल्लेख केला, त्यामागे एक घटना आहे. दुसऱ्या दिवशी मावशींनी मुलांना त्या जेथे काम करतात त्या एका घरी नेले. मालकीणबाईंनी हरकत घेतली नाही. स्वयंपाकघराच्या मागे मावशी भांडी घासत होत्या. वरून कोवळे ऊन येत होते, नळाच्या धारेत चमक होती, हात जवळून टिपले होते, कॅमेरा अगदी स्थिर होता. दोन दिवसांतील सर्वांत सुंदर दृश्य तेच होते. त्यात मावशी सहज बोलून गेल्या की आजारपणाची रजा घेतली की पैसे कापले जातात. संध्याकाळी जोडलेला माहितीपट पाहून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘एवढं काढून टाका. बाईनं बघितलं तर काम जाईल.’

मुलांमध्ये वाद झाला. एक मुलगा म्हणाला, हे तर सत्य आहे, हेच दाखविले पाहिजे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमची विद्यार्थिनी म्हणाली, सत्य आपले आहे, पण नोकरी मावशींची आहे. तिचेही चुकीचे नव्हते. मी निर्णय दिला नाही. मुलांनी रात्री उशिरापर्यंत बोलून तो घेतला. दृश्य काढले. वहीत लिहून ठेवले की ते का काढले, आणि मावशी सांगतील तेव्हाच ते कोणाला दाखवायचे. न विचारता माणसांना टिपणाऱ्यांचा इतिहास मी मुलांना वर्गात शिकविला आहे. त्याच मुलांनी विचारले आणि नकार मानला, हे मला परीक्षेतील गुणांहून मोठे वाटले.

माजी विद्यार्थ्यांना आणि समाजबांधवांना माझी विनंती म्हणून मर्यादित आहे. महागडा कॅमेरा देऊ नका. तो कपाटात कुलूपबंद राहील. सिमकार्ड नसलेले दोन जुने परंतु चालू मोबाईल, दोन साधे ट्रायपॉड, एक कॉलर माइक आणि चित्रण साठविण्यासाठी दोन हार्ड डिस्क एवढे पुरे. ते शाळेच्या मालकीचे राहतील, तासाला बाहेर निघतील, तास संपला की आत जातील. त्यामुळे वसतिगृहाचा नियम मोडणार नाही. आठवी आणि नववीसाठी आठवड्यातून एक तास हवा. जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन शिकवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची दहा मिनिटांची मुलाखत उजेड, आवाज आणि चौकट सांभाळून टिपावी आणि शाळेच्या संग्रहात जमा करावी. दरवर्षी चाळीस मुलाखती झाल्या तर दहा वर्षांत चारशे होतील. आपल्या स्थलांतराचा, गिरणीचा, वीटभट्टीचा, धम्मदीक्षेनंतर बदललेल्या घरांचा एवढा मोठा दस्तऐवज आपल्याच मुलांच्या हातून तयार होईल.

मावशींचा माहितीपट अखेर साडेचार मिनिटांचा झाला. त्यात चुका आहेत. एके ठिकाणी कुकरची शिट्टी बोलण्यावर वाजते, एका दृश्यात ट्रायपॉडचा पाय दिसतो. निघण्यापूर्वी मुलांनी तो वस्तीतील भिंतीवर पांढरी चादर लावून दाखविला. पहिलेच दृश्य मावशींच्या चेहऱ्याचे होते. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि मागे किंचित झुकलेली तसबीर. मावशी मांडी घालून सर्वांत पुढे बसल्या होत्या. त्यांच्या धाकट्या मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आई, दिसलीस.’

जय भीम.